चिंचोळी ते चिंचोळी, एका इंजिनासाठी

आमच्या खटकचिंचोळीच्या स्टँडवर चहा पिणाऱ्यांपासून काही लपत नाही. पिकअपच्या मागं पोत्यात गुंडाळलेला फियाटचा ब्लॉक दिसला आणि लगेच प्रश्न आला, "कुठं चाल्लाव?" मी म्हटलं, "चिंचोळीला." सगळे हसले. चिंचोळीतून चिंचोळीला कोण जातं?

पण मी खरंच चिंचोळीला निघालो होतो. चिंचोळ्या आपल्याकडं काही कमी नाहीत. कलबुर्गी जिल्ह्यात तालुक्याची चिंचोळी आहे, आमची खटकवाली आहे, आणि सोलापूरच्या पुढं पुणे रस्त्यावर चिंचोळीकाटी आहे, तिथं एमआयडीसी आहे. चिंचेवरून पडलेलं अस्सल मराठी नाव. कन्नडमध्ये चिंचेला हुणसे म्हणतात, तरी घरात फक्त कन्नड बोलणारासुद्धा गावाला चिंचोळीच म्हणतो.

गाडी अप्पांची. १९७८ची प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच. तुरीच्या अडतीच्या दिवसांत अप्पांनी ती सोलापुरातून सेकंडहँड आणली. दर वर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीला अख्खं घर तिच्यात कोंबून माणिकनगरला जायचं हा नियम. माणिकप्रभूंच्या दरबारात मराठी, कन्नड, उर्दू सगळं चालतं, तसं आमच्या गाडीतही चालायचं. पुढच्या सीटवर मराठी, मागच्या सीटवर आजीचं कन्नड. गेली नऊ वर्षं गाडी शेडमध्ये उभी होती. अप्पांनी ऐंशी ओलांडली आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "औंदा माणिकनगरला फियाटनंच जायचं." बाकी काही मागणारा माणूस नाही. आता नाही कसं म्हणायचं?

इंजिन उघडलं तेव्हा कळलं की काम सोपं नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. कोरा सिलिंडर ६८ मिलिमीटरचा असतो. आमचा ६९च्याही पुढं गेलेला, म्हणजे आधी दोनदा तरी बोअर झालेला. शेवटचं बोअरिंग अप्पांनी एका शहरात करून घेतलं होतं. त्या दुकानानं तिसरा सिलिंडर किंचित तिरका मारून ठेवला होता. तिथूनच तेल जळायचं, आणि आम्ही इतकी वर्षं दोष रिंगांना देत होतो. आता आणखी मोठं बोअर केलं तर त्या मापाचं पिस्टन मिळायचं नाही, आणि मिळालं तरी भिंत पातळ होणार. एकच वाट उरली होती, चारही सिलिंडरना स्लीव्ह घालून परत ६८वर यायचं. पण स्लीव्ह दाबताना ब्लॉकला तडा गेला तर संपलं. दुसरा चांगला ब्लॉक शोधायचा कुठं?

सल्ले भरपूर मिळाले. दहातल्या आठांचा एकच, "डिझेल इंजिन टाका, झंझट मिटली." त्यात नवल नाही. नव्वदच्या दशकात कंपनीनंच डिझेल पद्मिनी काढली होती. पण मग अप्पांची गाडी राहिली कुठं? उरला नुसता तिचा पत्रा. कुणी कोल्हापूरचं उद्यमनगर सांगितलं, कुणी बेळगावचं उद्यमबाग. लेथकाम म्हटलं की आपल्या भागाला पश्चिमेकडं बघायची सवय आहे, आणि ती उगीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभारली. तेव्हापासून नांगर, पंप, ऑइल इंजिन बनवत आणि दुरुस्त करत त्या पट्ट्याचा हात तयार झाला. पण कोल्हापूर, बेळगाव म्हणजे दोनदोन मुक्काम. त्यापेक्षा सोलापूर जवळ.

सोलापूरला जायला आणखी एक कारण होतं. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४मध्ये काढली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंद जन्मले सोलापुरात, १८८२ साली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला, पण माहेर सोलापूर म्हणायला हरकत नाही. शिवाय आज जगभरच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरची, तिचा एक कारखाना चिंचोळीच्याच एमआयडीसीत. मला वाटलं, जिथं अशी कामं होतात तिथं माझे चार सिलिंडर कोण नाही करून देणार?

हुमनाबादला हायवेला लागलो. उमरगा, नळदुर्ग मागं टाकत दुपारी पोचलो. एमआयडीसीत एकेकाळी नोकरी केलेला मित्र बरोबर होता. त्यानं ब्लॉक बघितला आणि मला बाजूला घेऊन समजावलं. मोठ्या कारखान्यात मशीन एका नगासाठी लावत नाहीत, हजारो नगांसाठी एकदा लावतात. तिथं प्रत्येक नग सारखा यावा हीच सारी कसरत. तुझा ब्लॉक पंचेचाळीस वर्षं वापरलेला, त्याच्यासारखा दुसरा नाही. तुला कारखाना नको, मोजणारा माणूस पाहिजे. हे ऐकायला इतक्या लांब आलो होतो म्हणून जरा राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

बाजारातल्या दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, "ठेवून जा, संध्याकाळी न्या." पिस्टन कुठाय असं विचारलंसुद्धा नाही. मी पोतं परत पिकअपमध्ये टाकलं. दुसऱ्यानं सरळ सांगितलं, "हे आमचं काम नाही," आणि का नाही तेही सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की आपल्याकडं गावोगावी ट्रॅक्टरचे इतके मिस्त्री असूनही हे काम का अडतं. बहुतेक ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांत लायनर सुटे असतात. झिजले की ओढून काढायचे, नवे बसवायचे. जुन्या फियाट, ॲम्बेसडर, पेट्रोलच्या जीप यांचे सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले. त्या गाड्या गेल्या, तशी ती बोअरिंगची मशीनंही कोपऱ्यात पडली किंवा भंगारात गेली. पण निघताना तोच म्हणाला, "तुम्ही हुमनाबादवरूनच आलाव ना? तिथं एक म्हातारा आहे."

म्हणजे सकाळी त्याच्याच दारावरून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी शोधत गेलो. पाटी नाही. ट्रकांच्या गॅरेजांमागं पत्र्याचं शेड, आत काळं पडलेलं उभं बोअरिंग मशीन. मिस्त्री जीप आणि ॲम्बेसडरच्या जमान्यात हैदराबादेत शिकलेले. "बर्री, कुंद्री," म्हणून स्टूल सरकवला. ब्लॉककडं बराच वेळ पाहिलंच नाही, चहा झाल्यावर पाहिलं. मग म्हणाले, "मोदलु अळते, आमेले मातु." आधी माप, मग बोलणं.

आणि खरंच मापलं. डायल गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली असा उतरवला, दर ठिकाणी आडवा आणि उभा. बारकुली वही काढून चोवीस आकडे लिहिले. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, जिथं रिंग उलटी फिरते, हे त्यांनी आकड्यांवर बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्याच्या आकड्यांना बोट लावून नुसते माझ्याकडं बघितले. मी मान खाली घातली, जणू तो तिरका मीच मारला होता.

क्रँकची परीक्षा मला सगळ्यात आवडली. रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, पुसून कोरडा केला, वर खडूची पूड भुरभुरली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत पाझरतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही दोघं अर्धा तास त्या पांढऱ्या क्रँककडं बघत बसलो. रेघ उमटली नाही. ग्राइंडिंगला देताना मात्र त्यांनी बजावलं, जर्नलच्या कोपऱ्यात गोलाई ठेवायला सांगा. कोपरा काटकोनात कापला तर क्रँक तिथूनच मोडतो.

मी बोअरिंगचा भाव विचारला तर ते सरळ दख्खनीवर आले. "पहले पिस्टन लाओ साब. उलटा काम नक्को." चार पिस्टन एका डब्यातून आली तरी अगदी सारखी नसतात. ज्याचं पिस्टन त्याच्या मापानं त्याचं भोक, आणि मधली फट माणसाच्या केसाहून बारीक. फट कमी पडली तर तापल्यावर धरणार, जास्त झाली तर खडखडणार.

पिस्टनसाठी मुंबई गाठली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलो. जिथं गाडी जन्मली तिथंच तिचे सुटे भाग आता शोधावे लागतात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होती तोवर भागांना गिऱ्हाईक होतं. आता दुकानदार मागच्या माळ्यावरून धूळ झटकत डबा काढतो आणि भाव मनाला येईल तो सांगतो. मी दिला. ६८चा कोरा सेट होता, घासाघीस करायची हिंमत झाली नाही.

स्लीव्ह दाबायच्या दिवशी मी हजर होतो. एक दाबली की मिस्त्री थांबायचे, ब्लॉकवर हळूच टकटक करून कान लावायचे. चौथी बसेपर्यंत माझाच घसा कोरडा पडला होता. मग पिस्टनच्या मापानं बोअर, होनिंगच्या तिरप्या बारीक रेघा, वर फेसिंग. सगळं मिळून अकरा दिवस लागले. घाई करू नका असं मी म्हणायची गरजच नव्हती.

अप्पांना सांगितलं होतं, नवं इंजिन आहे, सुरुवातीला हळू चालवायचं, जोर द्यायचा नाही. दत्तजयंतीला माणिकनगरच्या कमानीपाशी गर्दीत गाडी थांबली. अप्पा खिडकीतून हात बाहेर काढून बॉनेटचा आवाज ऐकत होते. नातीनं विचारलं, "अज्जा, एन केळतीरी?" काय ऐकताय?

"हॉर्न वाजत नाही बघ," ते म्हणाले. "तेवढं राहिलं."