मोरियाचा अंधार आणि हिरवट बर्फ

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सिनेमांशी माझी ओळख व्हीसीडीवर झाली. कराडात विद्यानगरला इंजिनिअरिंगच्या पोरांच्या जिवावर सीडी भाड्याने देणाऱ्यांचा धंदा तेव्हा जोरात होता. एका चकतीवर फार तर 80 मिनिटं मावायची, त्यामुळे 178 मिनिटांचा पहिला भाग तीन चकत्यांत विभागलेला. उन्हातलं हॉबिटांचं गाव त्या ओबडधोबड चित्रातही साजरं दिसायचं. पण मंडळी मोरियाच्या खाणीत शिरली की अंधाराचे चौकोन चौकोन पडायचे. बालरॉग हा राक्षस म्हणजे नुसता जाळ, त्याला अंगच दिसायचं नाही. त्यात भारनियमन. गँडाल्फ पुलावर उभा ठाकला आणि लाइट गेली, असं व्हायचं.

तरीही त्या चित्राने मला धरून ठेवलं. पुढे इंग्लंडातल्या चुलतभावाने पहिल्या भागाच्या लांब आवृत्तीची चार डीव्हीडींची पेटी आणली. ती मूळ 2002 च्या नोव्हेंबरातली, 208 मिनिटांची. युरोपातल्या आणि आपल्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं पळतात, म्हणून तीच लांबी तिथल्या चकतीवर 200 मिनिटांत संपते. एकही दृश्य न कापता. बाहेरच्या देशातल्या चकत्या अडवणारं प्लेअरचं रीजनचं कुलूप दुकानदाराने रिमोटवरून काढून दिलं, तेव्हा कुठे चकती चालली.

थिएटरच्या आवृत्तीत एल्फांच्या लोथलोरिएनचा निरोप घेताना फक्त फ्रोडोला भेट मिळते. लांब आवृत्तीत तिथली स्वामिनी गॅलाड्रिएल इतरांनाही भेटी देते. ड्वार्फ गिमली तिच्याकडे एक केस मागतो, ती तीन देते. एल्फ आणि ड्वार्फ यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर त्या दोन मिनिटांत विरघळतं, आणि पुढे गिमली आणि एल्फ लेगोलासची मैत्री खरी वाटायला लागते. हे दृश्य मुळात का काढलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही. वाढीव प्रसंगांसाठी संगीतकार हॉवर्ड शोरने संगीतही नव्याने रचलं, त्यामुळे सांधा कुठे जाणवत नाही.

उरलेल्या दोन चकत्यांवर सिनेमा कसा घडला ते आहे. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपमध्ये माणसं प्लॅस्टिकच्या कड्या हाताने एकमेकींत अडकवून चिलखतं विणत होती, बोटांचे ठसे झिजेपर्यंत. ते पाहिल्यावर लढाईतल्या मागच्या रांगेतल्या सैनिकाकडेही माझं लक्ष जायला लागलं.

ब्लू-रेवरची लांब आवृत्ती 2011 ची. तिची मी फार वाट पाहिली होती. पण पहिल्या भागावर सगळीकडे हिरवट छटा चढलेली; कॅराड्रास डोंगरावरचा बर्फसुद्धा पांढरा दिसेना. जगभरच्या चाहत्यांनी तेव्हा यावर आवाज उठवला होता. 2020 च्या फोरके आवृत्तीत ती छटा गेली. मोरियात काळ्याच्याही किती परी असतात ते मला तेव्हा दिसलं: खांबांचा काळा वेगळा, बालरॉगच्या कातडीचा वेगळा. चेहऱ्यांवरचा फिल्मचा दाणा मात्र जरा जास्तच पुसलाय, आणि त्या पेटीत पडद्यामागचं काहीच नाही. म्हणून जुन्या डीव्हीडी कपाटात आहेत आणि राहतील.

लांबलचक तेच चांगलं, असं मात्र मी मानत नाही. तिसरा भाग थिएटरमध्ये 201 मिनिटांचा होता. लांब आवृत्ती चार तासांच्या वर जाते. त्यात अ‍ॅरागॉर्न जहाजं अडवतो, ते आधीच दाखवून टाकलंय. थिएटरच्या आवृत्तीत काळी शिडं दिसतात, शत्रूला आपलीच कुमक आली असं वाटतं, आणि त्यातून अ‍ॅरागॉर्न उडी मारून उतरतो. तो धक्का लांब आवृत्तीत पार वाया जातो.

भाचा अकरावीत गेला, तेव्हा त्याने विचारलं, "मामा, कुठली लावू?" मी म्हटलं, "तिन्ही भाग थिएटरचे. बाकीचं मागनं." दिवाळीच्या सुट्टीत त्याने ते संपवले आणि येऊन म्हणाला, "सगळं झ्याक हाय, पण त्या सारुमानचं काय झालं? मनोऱ्यात कोंडला म्हणाले, पुन्हा दिसलाच नाही." सारुमान झालेल्या क्रिस्टोफर लीचा तो सगळा प्रसंग थिएटरच्या आवृत्तीतून गाळलेला आहे. मी तिसऱ्या भागाची लांब आवृत्ती काढून त्याच्या हातात दिली, पहिलीच चकती लाव म्हणून सांगितलं.