सी कॅटेगरीचं घर

'देवावर सोडा' असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणणाऱ्याचं घर बहुतेक वेळा कोरडं असतं.

वेदगंगाकाठचं गाव, कर्नाटकातला निपाणी तालुका, ऑगस्ट 2019चा पूर. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. आधी म्हशी हलवल्या, मग माणसं. आम्ही शाळेच्या खोलीत.

तिथं मी काय करत होते, तर मोबाईलवर आकडे बघत होते. पाटगाव धरणातून किती क्युसेक, काळम्मावाडीतून किती, अलमट्टीतून पुढं किती सोडलं. राधानगरी तर भोगावतीवर, आमच्या नदीशी तिचा काही संबंध नाही. तरी तिचे दरवाजे उघडले का हेही बघायचे. ते दरवाजे स्वयंचलित, पाणी वाढलं की आपोआप उघडतात. माझ्या बघण्यानं काय होणार होतं? पण मोबाईल खाली ठेवला तर पाणी चढेल असं वाटायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून निवांत. दरवर्षी आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक ऐकून येणारी बाई. औंदा पाऊस कसा, पीक कसं, सगळं ऐकायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि घरी येऊन कामाला लागायचं. त्यांचा हवामान अंदाज तेवढाच.

पाणी ओसरलं. घर उभं होतं. आणि इथंच घात झाला.

मातीच्या भेंड्याच्या भिंती बऱ्याचदा पाण्यात असताना पडत नाहीत. पाणी उतरलं, ऊन पडलं, की आतून सुटतात. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सर्व्हेची माणसं आली तेव्हा भिंती ओल्या होत्या, उभ्या होत्या. एकानं भेगेत बोट घातलं, फोटो काढला, कन्नड फॉर्मवर ह्यांची सही घेतली. बाजारापुरतं कन्नड आम्हाला येतं, सरकारी कागदाचं नाही. लिहिलं होतं 'सी'. सी म्हणजे किरकोळ नुकसान, तेव्हा 50 हजार. ए म्हणजे पूर्ण पडझड, तेव्हा 5 लाख. सर्व्हे पुढच्या गल्लीत गेला आणि काही दिवसांत आमची मागची भिंत बसली, तिच्यामागं माजघराची, मग आढं खाली आलं. मी ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, नोंद झाली. म्हटलं, येऊन बघा की. म्हणाले, बघूनच नोंद झाली. म्हटलं, तेव्हा उभं होतं, आता पडलंय. ते म्हणाले, मग पुरात पडलं असं कसं म्हणायचं? या वाक्याला मला आजही उत्तर सुचत नाही. रात्री अंथरुणात त्या साहेबांशी मी किती भांडले असेन! आमच्या पलीकडचं घर सर्व्हेच्या आदल्या रात्री पडलं, त्यांना ए मिळाली. त्यांचा राग नाही. पण भिंतीनं कधी पडावं यावर माणसाचा संसार ठरावा?

त्या दिवसांत आत्याबाईंनी नृसिंहवाडीच्या दत्ताचं काढलं. "देवाला तरी पाणी कुठं चुकलंय? मूर्ती उचलून नारायणस्वामींच्या देवळात नेत्यात. पादुका ऱ्हात्यात पाण्यात. आणि लोक त्या पाण्यात अंघोळीला जात्यात."

मला पटलं नाही. पादुका दगडाच्या, आमच्या भिंती मातीच्या. शिवाय देवळाच्या दक्षिणद्वाराच्या त्या पाण्यात अंघोळ करून माणूस परत कोरड्या घरी जातो.

मग जुलै 2021. पुन्हा तेच पाणी, तोच बंद हायवे. जेवढं न्यायचं तेवढं वर नेलं: म्हशी, धान्य, पोरांची पुस्तकं, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सवयीनं मोबाईल काढला आणि बंद केला. का, ते सांगता येत नाही. भक्ती दाटून आली वगैरे काही नाही. दत्ताचं नाव घेतलं ते जांभई देताना घ्यावं तसं. आणि झोप लागली. पाणी चढत असताना गाढ झोप! सकाळी स्वतःचीच लाज वाटली. शेजारची पोरगी रडत होती, तिला मी म्हटलं, "सोड गं त्याच्यावर." बोलून गेल्यावर कळलं मी काय बोलले ते. तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसंच मीही 2019 ला लोकांकडं बघत असणार.

पूरग्रस्ताला काही सांगायचंच असेल तर हे सांगा: पंचनाम्याची प्रत हातात घेतल्याशिवाय सही करू नका, कन्नड वाचणारं माणूस जवळ ठेवा, भिंती वाळेपर्यंत रोज फोटो काढा. देवाचं नंतर.

फेरसर्व्हेसाठी अर्ज दिला आहे, पोच फाईलमध्ये आहे. ऑफिसात जाऊन मी विचारत असते. आत्याबाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, नदी देवावर सोडलीस तर फाईल कशाला कवटाळून बसलीस, सोडायचं तर सगळंच सोड. मी म्हणते, नदी देवाची आहे, सी कॅटेगरी माणसानं लिहिली आहे. यावरून आमचं अजून वाजतं.