आमच्या संगणकाचा जीर्णोद्धार

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे ओलांडले की डोंगर अगदी अंगाशी येतात. त्या बाजूस आमचे घर असून घरात २०१४ साली कल्याणहून आणलेला एक संगणक आहे. अकरा वर्षांचा संगणक म्हटला की शहरातील सोबती हसतात. हसोत बिचारे! म्हाताऱ्या बैलाकडून जोपर्यंत नांगर ओढला जातो, तोपर्यंत त्यास कोणी दावणीवरून सोडीत नाही, हा आमच्या घरचा रिवाज. आणि हा बैल तर अद्याप बरा चालतो. त्यावर डेबियन नावाची लिनक्स कार्यप्रणाली आहे. २०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीत तिची बारावी आवृत्ती जाऊन तेरावी आली. ती कशी आली, व ती येण्यापूर्वी आमच्या घरी कोणते निराळेच काम करावे लागले, ते येथे लिहिण्याचे योजिले आहे.

ज्या वाचकांस या विषयाची ओळख नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्याच्या आधी आठ वर्षे, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणासही वाचता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली निर्माण करण्याचा संकल्प सोडला होता. या दोन प्रवाहांच्या संगमावर ज्या अनेक वसाहती झाल्या, त्यांपैकी एक जुनी वसाहत म्हणजे डेबियन. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली ती स्थापन केली, आणि तेव्हाच्या मैत्रिणीचे, म्हणजे पुढे पत्नी झालेल्या डेब्रा यांचे नाव व स्वतःचे नाव जोडून तिचे बारसे केले. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने काढलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभारलेली आहे. डेबियनच्या आवृत्त्यांस खेळण्यांच्या एका प्रसिद्ध चित्रपटातील पात्रांची नावे देतात. बारावीचे नाव ‘बुकवर्म’. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या तेरावीचे ‘ट्रिक्सी’. आणि जी शाखा नेहमी कच्ची व अस्थिर असते, तिला त्या चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या द्वाड मुलाचे नाव दिलेले आहे. मोठमोठी माणसे इतक्या गंभीर कामातही थट्टा सोडीत नाहीत, हे पाहून आम्हांस फार बरे वाटले.

त्याच सुमारास शेजारीपाजारी वेगळीच धांदल उडाली होती. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, व अकरावी आवृत्ती जुन्या यंत्रांस आपल्या दारात उभे करीना. बाजारातील एका दुकानदाराने आमच्या बाबांसही नवीन यंत्र घेण्याचा सल्ला दिला. तेव्हा शेतात भाताची कापणी चालू होती आणि मजुरीचे पैसे द्यावयाचे होते. बाबा नुसते “बघू” म्हणाले. आमच्या घरी “बघू” याचा अर्थ काय, ते आम्ही जाणून आहोत.

परंतु खरा प्रश्न पैशांचा नव्हता. तो आजोबांच्या वहीचा होता.

आमचे आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अंगणात एक सरळ काठाचा डबा ठेवून त्यात साचलेले पावसाचे पाणी ते रोज सकाळी पट्टीने मोजीत. मग विहिरीवर जाऊन पाण्याबाहेर किती पायऱ्या दिसतात ते पाहून येत. १९८७ पासून २०२१ पर्यंत हा नेम सहसा चुकला नाही. मुरबाड व शहापूर हे दोन्ही तालुके पावसाळ्यात न्हाऊन निघतात, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यांतील वाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत बसतात. शहापूर तालुक्यात १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आहे, भातसा धरण आहे. त्यांचे पाणी मुंबईच्या घराघरांत जाते, आणि धरणाच्या उशाशी निजलेला पाडा कोरडा राहतो. अशा मुलखात अमुक वर्षी अमुक दिवशी विहीर आटली, हे लिहून ठेवणारा मनुष्य रिकामटेकडा म्हणावयाचा की शहाणा, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या बाबांनी ग्रामसभेत टँकरची मागणी लवकर नोंदविण्याविषयी तंटा घातला, तेव्हा त्यांच्या हातात हीच टिपणे होती, आणि त्यांच्यापुढे कोणाचे काही चालले नाही.

मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. परंतु निवृत्तीनंतर, २००६ सालापासून, आजोबांनी एकेक पान करून त्या संगणकावर उतरविल्या होत्या. पुढे २०१९ साली ताईने यंत्रावर डेबियन घातले, तेव्हा त्या फायली तिने जपून इकडे आणल्या. आजोबा २०२२ साली गेले. म्हणजे सांप्रत ती वही जगात एकाच ठिकाणी होती, व तीही एका विचित्र अवस्थेत. ती अवस्था थोडी समजावून सांगितली पाहिजे.

त्या काळी मराठी टंकलेखनाकरिता जे टंक मिळत, त्यांत बहुधा असे असे की यंत्राच्या समजुतीने इंग्रजी अक्षरच साठविले जाई; फक्त त्या अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसविलेले असे. तो विशिष्ट टंक यंत्रात असला तर मराठी दिसावयाचे. नसला तर नुसता इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा. आम्ही आजोबांची फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली, तेव्हा मौजेची गोष्ट अशी दिसली की आकडे तेवढे शाबूत होते, शब्द सारे नाहीसे झाले होते. तारीख समजे, पाऊस किती ते समजे. परंतु विहिरीच्या पायऱ्या आजोबा अक्षरांत लिहीत. “नऊ पायऱ्या उघड्या”, “तळ दिसला”, “शेवाळ सुकले”, यांतील एकही अक्षर वाचता येईना.

ताई म्हणाली, “प्रणाली बदलायच्या आधी वही बदलू. उद्या यंत्र गेलं तर फाईल वाचेल, पण अक्षर कुठून आणायचं?”

उपाय युनिकोडचा. १९९१ साली ज्याची पहिली आवृत्ती निघाली, त्या या संकेतात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो मुरबाडातही तोच आणि हेलसिंकीतही तोच. ताईने जुन्या टंकातील प्रत्येक चिन्हापुढे युनिकोडचे अक्षर मांडून कोष्टक केले, व त्यावरून फाईल पालटणारा एक लहानसा कार्यक्रम लिहिला. आम्हांस वाटले, आता दहा मिनिटांचे काम. पण मराठी लेखनाची गंमत येथेच आहे. ‘विहिरीत’ हा शब्द लिहिताना आपला हात ‘व’च्या आधी वेलांटी काढतो, व जुना टंकही ती आधीच साठवितो. युनिकोडात उच्चाराचा क्रम. म्हणून ‘व’ आधी, वेलांटी मागून. सबब प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पाठीशी नेऊन बसवावी लागली. रफाराची गोष्ट याच्या उलट. ‘मार्च’मधील रफार आपण शेवटी काढतो, परंतु उच्चारात तो ‘च’च्या आधी येतो, तेव्हा त्यास मागे ओढावे लागले.

हे सर्व जमले, आणि ‘पायऱ्या’ अडल्या. मराठीत ‘र’ हा ‘य’शी जोडताना दोन तऱ्हांनी जोडतात. ‘आचार्य’ शब्दात तो डोक्यावर चढतो, ‘पायऱ्या’ शब्दात तो ‘य’च्या पुढे आडवा निजतो. पहिल्या प्रयत्नात कोष्टकाने सर्वांच्याच डोक्यावर रफार ठेवला. ज्या वहीत बहुतेक प्रत्येक पानावर पायऱ्या मोजलेल्या, तिची काय दशा झाली असेल! ताईने त्या निजलेल्या ‘र’करिता वेगळा नियम केला. मग तीन रात्री ती जुनी प्रत मोठ्याने वाची व आम्ही नवी प्रत बोटाने पाहत जाऊ. आजी अंथरुणावर पडून ऐकत असे. २६ जुलै २००५ ही तारीख आली. त्या दिवशी मुंबईत सांताक्रुझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. आजोबांनी लिहिले होते, “डबा भरून वाहिला. माप नाही.” आजी तशीच पडल्या पडल्या म्हणाली, “डबा वाहूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात सापडला. ते नाही लिहिलं त्यांनी.” ताईने लेखणीच्या जागी बोटे उचलली, क्षणभर थांबली, आणि आजोबांच्या ओळीस हात न लावता खाली ‘आजीचे सांगणे’ म्हणून वेगळी ओळ घातली.

वहीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या साठवणपट्ट्यांवर घेतल्या, आणि मग प्रणालीकडे वळलो. आमच्या घरी दूरध्वनीची लहर वाऱ्यावर येते नि वाऱ्यावर जाते; दोन गिगाबाइटांच्या आसपास सामग्री उतरवून घ्यावयाची तर ती शहापुरास मामांच्या घरी, असे ठरले. यंत्राची पेटी गोधडीत गुंडाळून आम्ही सरळगावास आलो व तेथून किन्हवलीच्या वाटेने शहापूरची एस. टी. धरली. वाहकाने विचारले, “गोधडीत काय गं?” ताई म्हणाली, “संगणक.” “आजारी आहे का?” “नाही, हवापालटाला नेतोय.” त्याने तिकीट मात्र दोघांचेच फाडले.

मामांचे शहापुरात किराणा मालाचे दुकान आहे. त्यांचे मत असे की सर्व पुसून टाकून कोरी प्रणाली घालावी. “घर सारवायचं तर सामान बाहेर काढायलाच हवं,” ते म्हणाले. कित्येक जाणते लोकही हेच सांगतात, व त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु डेबियनची रचनाच अशी आहे की माणसे घरात असतानाच एकेक कौल बदलता यावा. आणि आमच्या मते ज्यास ती सोय आहे त्याने ती सोडू नये. ताईने प्रथम बाराव्या आवृत्तीतील राहिलेली सर्व सुधारणा घेतली, प्रकाशनासोबतचे टिपण सबंध वाचले, मोकळी जागा पाहिली, आणि उगमांच्या यादीत ‘बुकवर्म’ होते तेथे ‘ट्रिक्सी’ लिहिले. त्या भांडारात जवळजवळ सत्तर हजार पुडकी आहेत. आमच्या यंत्रावर त्यांपैकी अठराशेच्या वर. प्रत्येक यादीवर प्रकाशकांची सांकेतिक स्वाक्षरी असते व ती पटल्यावाचून यंत्र काही स्वीकारीत नाही. मग आधी जी पुडकी नवी सोबत न मागता बदलतात ती, व नंतर उरलेली सर्व, असा दोन टप्प्यांचा क्रम.

मामांनी इन्व्हर्टरची कळ ‘यूपीएस’कडे फिरवून ठेविली होती, कारण एरवी वीज गेली की तो येईपर्यंत एक डोळा मिटतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. रात्री अकराच्या सुमारास वीज गेलीच. साऱ्या आळीत अंधार, आणि मामांच्या ओटीवर पडद्यावरील पांढऱ्या ओळी संथपणे वर सरकत आहेत. त्या वेळी आमच्या मनात धडधड नव्हती असे म्हणता येणार नाही. पण मध्येच थांबले तरी अर्धवट राहिलेली जुळणी पुढे चालू करण्याची आज्ञा असते, हे ताईने सांगून ठेविले होते.

बाराच्या पुढे एक प्रश्न आला. आरंभीची यादी दाखविणारी फाईल तुम्ही पालटलेली आहे. तुमची ठेवू, की नवी घालू? ताईने पालटलेला भाग उघडून पाहिला. यंत्र सुरू होताना पाच सेकंद थांबते, तेथे तीस सेकंद लिहिलेले होते. आजोबा कळ दाबून चष्मा आणावयास आत जात, म्हणून त्यांनी ते तिच्याकडून करवून घेतले होते. ताईने जुनी फाईल ठेवण्याची आज्ञा दिली आणि काही बोलली नाही.

पहाटे यंत्र नव्याने सुरू झाले. तीस सेकंद थांबले, आणि ६.१२ क्रमांकाचा गाभा घेऊन उभे राहिले. वही उघडली. पायऱ्या नीट होत्या.

मामांचे यंत्र मात्र बत्तीस बिटांचे. तेराव्या आवृत्तीपासून तसल्या यंत्रांकरिता स्थापनेची सोयच उरलेली नाही. १९७० पासूनचे सेकंद मोजणारी त्यांची जुनी मोजणीही १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार. नव्या आवृत्तीत इतर यंत्रांची ती मोजणी रुंद केली, यांची राहिली. “म्हणजे मला वाळीत टाकलं म्हणा की,” मामा म्हणाले. दुकानाचा हिशेब त्यावर चालतो, तो चालावा. फक्त ते इंटरनेटला जोडलेले राहू नये, असे ताईने त्यांस बजाविले.

निघण्यापूर्वी तिने वहीची एक प्रत त्या यंत्रावर ठेविली. तेथे आजोबांचा जुना टंक कधी नव्हताच. मामांनी फाईल उघडली, आणि सर्व अक्षरे जागच्या जागी दिसली. ते उभ्या उभ्या वाचू लागले. तेल घेण्यास आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, काय वाचता? मामांनी १९९२ सालचा मे महिना वाचून दाखविला. बाई म्हणाल्या, “त्या साली आमचीही आटली होती,” आणि तेलाची बाटली फळीवर ठेवून आपल्या विहिरीविषयी सांगू लागल्या. आमची किन्हवलीची गाडी सुटावयास दहा मिनिटे उरली होती; ताईने पेटी खाली ठेवून कागद मागितला.