ऱ्हाईनकाठी ग्रंथांच्या वाटेने

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावर बॉन हे नगर वसले आहे. ख्रिस्तपूर्व काळाच्या अखेरीस रोमन सैन्याने येथे तळ ठोकला. त्या घटनेपासून वर्षे मोजून १९८९ साली नगराने आपली दोन हजार वर्षे साजरी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर चाळीस वर्षे हे पश्चिम जर्मनीच्या कारभाराचे केंद्र होते. पुढे राजधानी बर्लिनला गेली आणि बॉन पुन्हा आपल्या जुन्या स्वभावावर आले. विद्यापीठ, संगीत आणि नदी हाच तो स्वभाव.

संगीताचे रसिक येथे बीथोवनच्या जन्मघरासाठी येतात. जैन वाचकाला मात्र या नगराची ओढ वाटण्याचे आणखी एक कारण आहे. आचारांग, कल्पसूत्र, उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग हे आगमग्रंथ इंग्रजीत नेणारे पंडित हर्मन याकोबी यांनी तीन दशकांहून अधिक काळ याच नगरात अध्यापन केले. भारतात त्यांचे नाव ‘जेकोबी’ या उच्चाराने अधिक परिचित आहे. बॉन पाहण्यासाठी वाटाड्याची गरज नाही. हाती नकाशा आणि पायांत सोयीचे जोडे असले, की जुने नगर अर्ध्या दिवसात आरामात पायी पाहून होते. सारी वाट चार किलोमीटरांच्या आसपास भरते.

मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडून पाच मिनिटे चालले, की म्युन्स्टर चर्चचे उंच मनोरे दिसू लागतात. अकराव्या ते तेराव्या शतकांत उभे राहिलेले हे मंदिर कासियुस आणि फ्लोरेंटियुस या दोन रोमन सैनिकांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. आपल्या श्रद्धेसाठी त्यांनी प्राण दिले, अशी परंपरा सांगते. त्यांची दोन प्रचंड पाषाणशिरे चर्चबाहेर भुईवर आडवी ठेवलेली आहेत आणि मुले त्यांवर चढून निर्धास्त खेळत असतात.

समोरच्या चौकात बीथोवनचा ब्राँझचा पुतळा आहे. १८४५ च्या ऑगस्टमध्ये त्याचे अनावरण झाले, तेव्हा प्रशियाचा राजा आणि इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया शेजारच्या वाड्याच्या सज्जात बसले होते. पडदा दूर झाला आणि कलावंताने राजमंडळाकडे पाठ केलेली आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले. तो सज्जा असलेल्या वाड्यात पुढे टपालकचेरी आली. पुतळ्याची पाठ अजून तिकडेच आहे.

येथून बॉनगासे या अरुंद गल्लीत वळावे. वीस क्रमांकाच्या घरात १७७० च्या डिसेंबरात बीथोवनचा जन्म झाला. बावीस वर्षांचा होण्यापूर्वीच तो व्हिएन्नाला गेला आणि पुन्हा कधी परतला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर नामशेष होण्याच्या बेतात होते. १८८९ साली बारा नागरिकांनी संस्था स्थापन करून ते विकत घेतले. आज तेथे त्याची वाद्ये, हस्तलिखिते आणि बहिरेपणात वापरलेले कर्णे जपून ठेवले आहेत. बारा सामान्य माणसांनी ठरवले नसते, तर जगाला दाखवायला हे घर उरलेच नसते. हा विचार मनात धरून पुढे चालावे, कारण पुढची सारी वाट जपण्याची आणि गमावण्याचीच आहे.

गल्ली संपते तेथे बाजारचौक लागतो. रविवार सोडून इतर दिवशी येथे फळे, भाज्या आणि फुले यांची दुकाने मांडलेली असतात. आहाराचे नियम पाळणाऱ्या कुटुंबाची सोय येथे सहज होते. सफरचंदे, द्राक्षे आणि ऋतूप्रमाणे चेरी मिळतात, तर बाजूच्या बेकरीत साधा पाव. शिजवलेल्या अन्नात बटाटा आणि कांदा सर्रास असतो, म्हणून प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. पावात अंडे आहे का, हेही विचारावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शिधा आदल्या दिवशीच घेतलेला बरा.

चौकाच्या एका टोकाला अठराव्या शतकातील जुने नगरभवन आहे. गुलाबी भिंती, सोनेरी नक्षी आणि दोहो बाजूंनी चढत जाणारा जिना असे त्याचे रूप. या जिन्यावरून १९६२ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी नागरिकांना अभिवादन केले. छायाचित्रे घेणाऱ्यांची नजर त्या जिन्यावर खिळते. ती थोडी खाली, पायाखालच्या फरसबंदीकडे वळवावी. दगडांच्या मधोमध ब्राँझचे लहान लहान तुकडे बसवलेले दिसतील. ते पुस्तकांच्या पाठींच्या आकाराचे आहेत आणि त्यांवर लेखकांची व ग्रंथांची नावे कोरलेली आहेत.

१० मे १९३३ च्या रात्री, नाझी सत्तेच्या पहिल्याच वर्षी, या चौकात ग्रंथांची होळी पेटली. पेटवणारे अडाणी नव्हते. ते बॉन विद्यापीठाचे विद्यार्थी होते आणि प्राध्यापकांनीही त्या प्रसंगी भाषणे केली. ज्यू लेखक, शांततावादी आणि सत्तेला नको असलेले विचारवंत यांची पुस्तके ज्वाळांत फेकली गेली. विद्या माणसाला आपोआप सज्जन करत नाही, ही कटू गोष्ट या चौकाइतकी स्पष्टपणे क्वचितच कोठे लिहिलेली असेल.

त्या होळीला ऐंशी वर्षे झाली, तेव्हा, २०१३ साली, हे स्मारक उभारले गेले. नगरभवनासमोर जमिनीखाली एक पेटी आहे आणि तिच्यात त्या काळी निषिद्ध ठरलेली पुस्तके ठेवली आहेत. दर वर्षी १० मे रोजी ती पेटी उघडतात आणि पुस्तके बाहेर काढून चौकात मोठ्याने वाचतात. जैन वाचकाला येथे श्रुतपंचमीची किंवा ज्ञानपंचमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी पोथ्यांची बासने सोडतात, पाने उन्हावाऱ्याला दाखवतात, नव्या वस्त्रात बांधतात आणि श्रुताची पूजा करतात. दोन्हींचे निमित्त वेगळे आहे. एकीकडे कृतज्ञता आहे, दुसरीकडे पश्चात्ताप. पण ग्रंथ वर्षातून एकदा तरी माणसाच्या हातात यावा, हा आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे.

चौकातून दक्षिणेला निघाले, की काही पावलांवर पिवळ्या रंगाची भव्य इमारत समोर येते. हा पूर्वी येथील राज्यकर्त्यांचा प्रासाद होता. १८१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रासाद त्याचे मुख्य भवन बनला. त्याच वर्षी ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल येथे प्राध्यापक म्हणून आले आणि त्यांच्यामुळे जर्मनीत संस्कृतच्या अध्यापनाची प्रतिष्ठापना झाली. श्लेगेलांनी पॅरिसमध्ये देवनागरीचे खिळे घडवून घेतले आणि १८२३ साली बॉनमध्ये भगवद्गीतेचे मूळ संस्कृत, लॅटिन भाषांतरासह छापले. पुण्या-मुंबईत मराठी छपाईची जेमतेम सुरुवात होत होती, तेव्हा ऱ्हाईनच्या काठी देवनागरी अक्षरे कागदावर उमटली. श्लेगेलांचे व्याख्यान ऐकणाऱ्यांत तरुण कवी हाईनरिख हाइने हाही होता. पुढे नाझींनी ज्यांचे ग्रंथ जाळले, त्यांत हाइनेचे नाव होते. विद्यापीठापासून बाजारचौकापर्यंतचे अंतर दोन-तीन मिनिटांचे आहे.

श्लेगेलांचे शिष्य आणि उत्तराधिकारी क्रिस्टियान लासेन हे प्राचीन भारताच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक होते. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असे मात्र त्यांचे मत होते आणि युरोपातील अनेक विद्वान तेच मानत. हे मत खोडून काढण्याचे काम बॉनच्याच एका विद्यार्थ्याकडे आले. याकोबी यांचा जन्म १८५० साली कोलोन येथे झाला आणि बॉन विद्यापीठातून त्यांनी १८७२ साली डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी ते भारतात आले आणि गेओर्ग ब्यूलर यांच्यासोबत राजस्थानात हस्तलिखितांच्या शोधात फिरले. जैसलमेरच्या ज्ञानभांडारातील पोथ्या त्यांनी स्वतः पाहिल्या. इतरांनी लिहिलेल्यावर विसंबून न राहता मूळ ग्रंथ वाचायचे, ही शिस्त त्या प्रवासात पक्की झाली.

१८७९ साली त्यांनी कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती काढली. १८८४ साली आचारांग आणि कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लासेन यांचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिले. भगवान महावीर आणि गौतम बुद्ध या दोन भिन्न व्यक्ती होत्या, बौद्ध ग्रंथांत निर्ग्रंथांचा उल्लेख स्वतंत्र आणि आधीपासून असलेला संप्रदाय म्हणून येतो आणि पार्श्वनाथ हे ऐतिहासिक पुरुष मानण्यास आधार आहे, असे त्यांनी पुराव्यांनिशी मांडले. १८८९ मध्ये ते बॉनला प्राध्यापक झाले आणि १९२२ पर्यंत येथेच राहिले. उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग यांचे भाषांतर १८९५ साली, याच काळात आले.

मराठी माणसाने त्यांचे आणखी एक ऋण ध्यानात ठेवावे. १८८६ साली त्यांनी महाराष्ट्री प्राकृतातील निवडक जैन कथा व्याकरणासह प्रसिद्ध केल्या आणि युरोपातील विद्यार्थी त्या पुस्तकावरून प्राकृत शिकू लागले. १९१३-१४ च्या दुसऱ्या भारतभेटीत अहमदाबादला त्यांना धनपालाच्या ‘भविसत्तकहा’ या अपभ्रंश काव्याची पोथी पाहावयास मिळाली. १९१८ साली त्यांनी ती संपादून छापली. काही वर्षांतच पुण्याचे पांडुरंग दामोदर गुणे यांच्या परिश्रमाने तिची भारतीय आवृत्तीही निघाली. मराठी ज्या भाषापरंपरेतून घडली, तिचा एक दुवा असा अहमदाबाद, बॉन आणि पुणे यांच्यामधून उजेडात आला.

याकोबींचे निधन १९३७ साली बॉनमध्येच झाले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत हेच विद्यापीठ अधःपाताच्या वाटेवर होते. १९३६ साली त्याने कादंबरीकार थॉमस मान यांची सन्मान्य डॉक्टरेट काढून घेतली. युद्धानंतर ती परत करण्यात आली. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंची दुकाने फोडली गेली, तेव्हा प्राच्यविद्येचे प्राध्यापक पाउल काले यांच्या पत्नी मारी आणि त्यांचे मुलगे एका ज्यू दुकानदार स्त्रीला विस्कटलेले दुकान आवरू लागले. एवढ्याच ‘अपराधा’साठी मुलाला विद्यापीठातून काढण्यात आले आणि १९३९ साली साऱ्या कुटुंबाला देश सोडावा लागला. काले स्वतः हिब्रू बायबलच्या हस्तलिखितांचे थोर अभ्यासक होते. ग्रंथ जपणाऱ्या घराने त्या दिवशी माणूसही जपला. ज्या विद्यापीठातले विद्वान होळीपुढे भाषण करत होते, त्याच विद्यापीठात हेही घर होते.

१८ ऑक्टोबर १९४४ रोजी, विद्यापीठाच्या स्थापनादिनीच, बॉनवर बाँबवर्षाव झाला. मुख्य भवन जळाले, ग्रंथालयही जळाले. अकरा वर्षांपूर्वी चौकात पेटवलेली आग जणू फिरून पेटवणाऱ्यांच्याच दारी आली. आज दिसणारी इमारत युद्धानंतर पुन्हा उभारलेली आहे. तिच्यासमोरच्या हिरवळीवर १९८१ च्या ऑक्टोबरात अण्वस्त्रांना विरोध करण्यासाठी लाखो लोक शांततेने जमले होते. एरवी तेथे विद्यार्थी पुस्तके उघडून पहुडलेले असतात.

हिरवळीच्या कडेने नदीकडे चालले, की ‘आल्टर त्सोल’ हा जुना बुरूज लागतो. जवळच्या उद्यानात हाइनेचे दगडी स्मारक आहे. बुरुजावरून ऱ्हाईनचे रुंद पात्र, मालवाहू नौका आणि उजवीकडे दूरवर ‘सात डोंगरां’ची निळसर रांग दिसते. त्यांतील द्राखेनफेल्स या टेकडीचा दगड कोलोनच्या महामंदिरासाठी खणला गेला. खाणींमुळे शिखर ढासळू लागले, तेव्हा १८३६ साली प्रशियाच्या शासनाने ते विकत घेऊन खाणकाम थांबवले. जपण्याचा विचार डोंगरालाही लागू पडतो, हे या देशाला तेव्हाच उमगले होते. नदीकाठाने पुढे केनेडी पुलाजवळ १९३८ मध्ये जाळलेल्या सिनेगॉगचे स्मारक आहे. तेथे क्षणभर थांबावे.

नदीकडे पाठ करून नगरात परतले, की वीस-पंचवीस मिनिटांत जुनी दफनभूमी येते. १७१५ साली सुरू झालेली ही जागा आता दाट झाडीचे शांत उद्यान आहे. बीथोवनची आई येथे विसावली आहे. संगीतकार रोबेर्ट आणि क्लारा शूमान यांच्या समाधीपाशी फुले दिसतात. श्लेगेलांची समाधीही येथेच आहे. तिच्यासमोर गर्दी नसते.

गर्दी असण्याची गरजही नाही. जैसलमेरच्या तळघरातील ताडपत्रे शतकानुशतके टिकली, ती अनाम लेखनिकांनी पुन्हा पुन्हा नकलून काढली म्हणून आणि श्रावकांनी जपली म्हणून. पण त्यांतील अर्थ जगापुढे आला, तो कोणी परका तरुण उंटाच्या वाटेने तेथवर गेला, त्याने भाषा शिकून ती वाचली आणि आपल्याच विद्यापीठाची चूक दाखवून दिली म्हणून. ग्रंथाला कुलूप सुरक्षित ठेवते, वाचक जिवंत ठेवतो. बॉनच्या फरसबंदीवरून चालणाऱ्याला हे पाऊलोपाऊली जाणवते. घरी परतल्यावर कपाटातील एखादे बासन सोडून चार पाने वाचली गेली, तर ही यात्रा पूर्ण झाली असे समजावे.