लोहारांचें वॉशिंग्टन

अमेरिकेंतील वॉशिंग्टन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें त्या देशाची राजधानी उभी राहते. परंतु मी ज्या वॉशिंग्टनची हकीकत सांगणार आहें, तें आर्कान्सा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील एक लहानसें खेडें असून त्याची लोकसंख्या दोनशेंच्याही आंत आहे. तेथें उंच इमारती नाहींत, कीं मोठी बाजारपेठ नाहीं. तरीही हातानें सुऱ्या घडविणारे लोक दूरदूरहून तेथें येतात, आणि काशीस जाऊन आलेला मनुष्य ज्या अभिमानानें बोलतो त्याच अभिमानानें त्या गांवाचें नांव घेतात. सुरी म्हणजे भाजी चिरण्याचें साधन. तिच्यासाठीं कसली यात्रा, असें वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर देण्याकरितांच हा लेख आहे.

माझा मुलगा टेक्सस राज्यांतील डॅलस शहरीं नोकरीस असतो. त्याजकडे मुक्कामास असतांना एका शनिवारीं आम्ही पहांटे मोटारीनें निघालों. ईशान्येच्या रोखानें जाणारा हा रस्ता प्रथम सपाट कुरणांतून जातो. पुढें पाइन वृक्षांची झाडी दाट होत जाते. सुमारें तीन तासांनीं टेक्सार्काना लागतें. दोन राज्यांची सीमा या शहराच्या मधोमध गेली असल्यामुळें तेथील टपाल कचेरीची इमारत अर्धी एका राज्यांत व अर्धी दुसऱ्या राज्यांत उभी आहे. त्यापुढें रेड नदी ओलांडली कीं होप हें गांव येतें. प्रचंड आकाराच्या कलिंगडांसाठीं व माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचें जन्मस्थान म्हणून तें प्रसिद्ध आहे. तेथून वॉशिंग्टन अवघें नऊ मैल.

हें गांव १८२४ सालीं वसलें. टेक्ससकडे जाणारा जुना खुष्कीचा मार्ग येथूनच जात असल्यामुळें जमिनीच्या शोधांत निघालेले शेतकरी, व्यापारी व साहसी लोक येथें मुक्काम करीत. यादवी युद्धांत १८६३ सालीं लिटल रॉक ही राजधानी उत्तरेच्या सैन्याच्या हातीं गेली, तेव्हां दक्षिणेच्या पक्षाच्या राज्य सरकारानें आपलें ठाणें येथें हलविलें व युद्ध संपेपर्यंत तें येथेंच राहिलें. पुढें आगगाडीचा रस्ता होपवरून गेला आणि वॉशिंग्टनचें भाग्य मावळलें. परंतु ज्या उपेक्षेनें गांव ओस पाडलें, तिनेंच तें राखलेंही. १८३६ सालचें न्यायालयाचें लांकडी घर, पांढऱ्या रंगाचीं जुनीं घरें व मॅग्नोलियाचे प्रचंड वृक्ष अजून तेथें पाहावयास मिळतात. १९७३ पासून हा भाग राज्य सरकारानें ऐतिहासिक उद्यान म्हणून सांभाळला आहे.

लोहारांची यात्रा येथें भरते ती मात्र जेम्स ब्लॅक या एका माणसामुळें. १८३० च्या सुमारास त्याचा भाता येथें चालू होता. जेम्स बॉवी या नांवाचा एक साहसी पुरुष टेक्ससच्या इतिहासांत गाजला असून तो १८३६ सालीं अ‍ॅलामोच्या वेढ्यांत पडला. त्यानें आपली प्रसिद्ध सुरी ब्लॅककडून घडवून घेतली, अशी येथील परंपरा आहे. इतिहासकारांचें याविषयीं एकमत नाहीं. परंतु मला बॉवीच्या शौर्यापेक्षां ब्लॅकच्या उत्तरायुष्याची कथाच अधिक चटका लावून गेली. पोलादास पाणी देण्याची आपली रीत तो कोणास दाखवीत नसे. कातड्याच्या पडद्याआड काम करी, असें म्हणतात. पुढें त्याची दृष्टि गेली. गांवांतील जोन्स नांवाच्या एका डॉक्टरांच्या कुटुंबानें त्याला सुमारें तीस वर्षें सांभाळलें. १८७० सालीं सत्तरी गांठल्यावर, या उपकाराची फेड म्हणून आपली विद्या त्यांस देऊन टाकावी असें त्याच्या मनानें घेतलें. डॉक्टरांच्या चिरंजीवांस त्यानें कागद व लेखणी घेऊन जवळ बसविलें. आणि सांगावयास लागतो तों कांहींच आठवेना! कपाळ चोळून चोळून म्हातारा थकला व शेवटीं रडूं लागला. ते चिरंजीव पुढें आर्कान्साचे गव्हर्नर झाले. ही हकीकत त्यांनींच प्रसिद्ध केली. १८७२ सालीं ब्लॅक वारला.

त्यानंतर शंभर वर्षांनीं याच हानीची जाणीव दुसऱ्या कांहीं माणसांस झाली. कारखान्यांतल्या सुऱ्या स्वस्त झाल्यामुळें ऐरणीवर पातें घडविणारे लोक अमेरिकेंत फारच थोडे उरले होते. तेव्हां १९७६ सालीं बिल मोरान व त्यांचे तीन सहकारी यांनीं अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था काढली. आणि १९८८ सालीं शाळा उघडली ती याच वॉशिंग्टन गांवीं. आज तेथें जेम्स ब्लॅकच्या नांवानें विद्यापीठाची शाळा चालते. ज्यानें आपली रीत कोणास शिकविली नाहीं, त्याच्या नांवाची शाळा!

मी उभा जन्म परीक्षा घेण्यांत घालविला. म्हणून या संस्थेची परीक्षा कशी असते तें मीं मुद्दाम विचारून घेतलें. उमेदवारानें स्वतः घडविलेल्या सुऱ्यानें मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एकाच घावांत तोडावयाचा. मग इमारती लांकडाची फळी दोनदां तोडून आरपार करावयाची. ही फळी नांवानें दोन बाय चार इंचांची, पण रंधून प्रत्यक्षांत दीड बाय साडेतीन भरते. इतकें झाल्यावर, नवी धार न लावतां, त्याच पात्यानें हातावरचे केस साफ भादरून दाखवावयाचे. शेवटीं पातें शेगड्यांत धरून काटकोनांत वाकवावयाचें. तें तुटतां कामा नये. म्हणजे परीक्षा उतरली तरी सुरा कायमचा निकामी होतो. आपल्या हातचें उत्तम काम आपणच वाकवून दाखविल्यावांचून येथें प्रमाणपत्र मिळत नाहीं.

या कसोट्यांना धरूनच सुऱ्यांच्या शर्यती सुरू झाल्या. आम्ही गेलों त्या दिवशीं जवळच राहणारा एक लोहार अशाच शर्यतीसाठीं एका तरुण स्पर्धकाच्या मापाचा सुरा तयार करीत होता. त्यानें आम्हांस घरामागील आपल्या लोहारशाळेंत नेलें आणि दोन तास मोठ्या आपुलकीनें सर्व समजावून सांगितलें.

शर्यतीचा नियम असा कीं पातें १० इंचांहून लांब नसावें, मुठीसह एकंदर लांबी १५ इंचांहून अधिक नसावी, आणि पात्याची रुंदी २ इंचांच्या आंत असावी. काम मात्र नाना तऱ्हेचें. लांकूड तोडावयाचें, दोर छाटावयाचा, पाण्यानें भरलेल्या बाटल्यांची रांग एका फटकाऱ्यांत कापावयाची, फळीवरून घरंगळणारा चेंडू चिरावयाचा, आणि उभी ठेवलेली पोकळ कागदासारखी हलकी नळी न पाडतां छेदावयाची. हें सर्व एकाच सुऱ्यानें, मध्यें धार न लावतां, घड्याळ चालू असतांना. धारेस दांता पडला कीं स्पर्धक बाद.

यांतील अडचण वाचकांच्या लक्षांत आली असेलच. लांकडास कुऱ्हाड पाहिजे आणि नळीस वस्तरा पाहिजे. पातें जाड ठेवावें तर तें नळीस ढकलून पाडतें. पातळ करावें तर लांकडांतील गांठीवर धार मुडपते. आमच्या लोहारानें पात्याच्या बाजू पाठीपासून धारेपर्यंत पातळ घांसल्या होत्या, पण अगदीं शेवटच्या अंशांत धार किंचित् फुगीर ठेविली होती. सरळ पाचरीसारखें पातें लांकडांत रुतून बसतें. फुगीर धार ढलपी बाहेर लोटते व स्वतः मोकळी होते.

वजनाचाही असाच प्रश्न. जड सुरा घाव खोल घालतो, पण हात लवकर थकतो व वेग कमी होतो. वजन टोंकाकडे असल्यास लांकूड लवकर तुटतें, परंतु नळीपाशीं हात आवरत नाहीं. क्रिकेट खेळलेल्या मुलांस ठाऊक असतें कीं बॅटीच्या एका ठराविक जागीं चेंडू बसला तर हातास मुळींच हिसका बसत नाहीं. पात्यालाही अशी एक जागा असते. ती जेथें घाव पडावयाचा तेथेंच आणणें, हें सुरा आंखणाराचें खरें कौशल्य. त्यासाठीं पाठ मुठीपाशीं जाड ठेवून टोंकाकडे निमुळती करीत न्यावी लागते. टोंकही अणकुचीदार नसून बोथट, चौकोनी असतें. कारण येथें भोंसकावयाचें कांहींच नाहीं. लोहारानें प्रथम लांकडाचे तीन-चार नमुने करून ते त्या तरुणाकडून हवेंत फिरवून घेतले होते, आणि त्याच्या हाताची लांबी व मुठीची पकड पाहून मगच पोलाद भट्टींत घातलें होतें. मूठ शेवटीं रुंद केली होती, म्हणजे घाव घालतांना ती करंगळीखालून निसटूं नये. शिवाय तिला दोरीचा फास. तो हातांत अडकविल्यावांचून कोणास सुरा उगारूं देत नाहींत.

पण आकार कितीही उत्तम असला तरी खरी परीक्षा पाण्याची. बेअरिंगच्या गोळ्या ज्या पोलादाच्या करितात तेंच पोलाद त्यानें घेतलें होतें. तापतां तापतां त्यास लोहचुंबक चिकटेनासें झालें, कीं उष्णमान ७७० अंशांच्या पुढें गेलें असें समजावें. त्यानंतर थोड्याच वेळांत तें तेलांत बुडवावयाचें. खिडक्या झांकून अंधुक उजेडांत हें काम चाललें होतें, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हांत नीट कळत नाहीं. बुडवून काढलेलें पातें कांचेसारखें कठीण व ठिसूळ असतें. तें पुन्हा सुमारें दोनशें अंशांवर मंदपणें तापविलें म्हणजे कांहीं कठीणपणा सोडून चिवटपणा घेतें. परीक्षेच्या सुऱ्याची पाठ तर आणखी मऊ करितात, म्हणजे धार टिकते आणि पाठ वांकते.

मीं त्याला आपल्या वराहमिहिराविषयीं सांगितलें. सहाव्या शतकांतील बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा एक स्वतंत्र अध्याय आहे; पन्नास अंगुलें लांबीचा खड्ग उत्तम, असें त्यांत मान दिलें असून शस्त्रास पाजावयाच्या नाना द्रवांची कृतीही दिली आहे. पात्यावरील व्रण कोणत्या अंगुलावर आहे यावरून शुभाशुभ फल सांगितलें आहे. हें ऐकून तो हंसला व म्हणाला, “आमच्याकडे व्रण कोठेंही असो, अशुभच!”

मग त्यानें मला उलट प्रश्न केला, “तुम्ही दख्खनचे ना? कोनासमुद्रम् पाहिलें आहे?” हें खेडें आतांच्या तेलंगणांत निजामाबादकडे आहे. तेथील मुशींत वितळविलेलें पोलाद विकत घेण्यास इराणांतील व्यापारी येऊन राहत, असें एकोणिसाव्या शतकांतील प्रवाशांनीं नमूद केलें आहे. त्या पोलादालाच यूरोपांत वुट्झ म्हणत. दमास्कसच्या तरवारींची कीर्ति त्यावर उभी होती. १८१९ सालीं खुद्द फॅरडेनें त्याचें पृथक्करण केलें. तरीही त्याची रीत त्या शतकांतच लुप्तप्राय झाली. पुढें १९९० नंतर फ्लॉरिडांतील अल्फ्रेड पेंड्रे हा नालबंद-लोहार व व्हर्होव्हेन हे धातुशास्त्रज्ञ या दोघांनीं अनेक वर्षें खपून तसें पातें पुन्हा घडविलें, आणि त्यावरील लाटांसारख्या रेषांचें रहस्य धातुकांतील अत्यल्प व्हॅनेडियममध्यें असल्याचें दाखविलें. शर्यतीच्या सुऱ्यांसाठीं हल्लीं पुष्कळजण जें पोलाद वापरतात, त्यांत तेंच व्हॅनेडियम शेंकडा चार या प्रमाणांत मुद्दाम घालतात!

परतीच्या वाटेवर माझ्या मनांत एकच विचार घोळत होता. ब्लॅकनें आपली विद्या पडद्याआड ठेविली. आपल्याकडे तर पडदाही नव्हता. आमच्या गांवचा लोहार वेशीजवळ उघड्यावर भाता फुंकीत असे, कोयत्यास पाणी देण्यासाठीं तिन्हीसांजेची वेळ धरीत असे, आणि त्याच्या बलुत्याचें धान्य आमच्याच पडवींतून मापून जात असे. आम्ही शेजारच्या ओटीवर बसून तर्कसंग्रह घोकीत होतों. ज्यांस लिहितां येत होतें त्यांनीं पाहिलें नाहीं, आणि ज्यांस करितां येत होतें त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. शास्त्र एका ओटीवर राहिलें व विद्या दुसऱ्या. मध्यें दहा पावलांचें अंतर होतें.

अजून कित्येक गांवीं असा एखादा म्हातारा लोहार असेल. उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जाणाऱ्या आपल्या मुलांस त्याच्याकडे धाडावें. तो पोलाद कसें पारखतो, रंग कोणता धरतो, पाण्यांत काय घालतो, विळीची पाठ कशी राखतो, हें सर्व त्यांनीं वहींत उतरून घ्यावें व त्याचें नांव वर घालावें. जोन्स डॉक्टरांच्या घरीं लेखणी, कागद व श्रद्धा हीं तिन्ही होतीं. उशीर तेवढा झाला होता.