पेकनच्या बागेतील सहजीवन

अमेरिकेच्या दक्षिणेस जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचे एक लहान गाव आहे. तेथून काही मैलांवर, तांबड्या मातीच्या सपाट मुलखात, पेकनच्या उंच झाडांच्या रांगा लागतात. पेकन हे अक्रोडाच्या कुळातील फळ. या रांगांच्या आश्रयाने 'कोइनोनिया फार्म' ही ख्रिस्ती शेतकरी वसाहत वसलेली आहे.

येथे काही आठवडे वा महिने राहून श्रमदान करावयास दूरदूरची माणसे येतात. कोणी भाजीच्या वाफ्यात राबतो, कोणी स्वयंपाकघरात. कोणी पेकन निवडून खोक्यांत भरतो. मध्येच घंटा वाजते आणि हातातील काम थांबवून सारे प्रार्थनेसाठी स्तब्ध होतात. दुपारची पंगत एकत्र असते. वसाहतीत पशुपालनही चालते, तेव्हा शाकाहारी पाहुण्याने आपला नियम आधीच कळविलेला बरा.

ही साधी पंगतच एके काळी अपराध ठरली होती. जॉर्डन आणि इंग्लंड या दोन दांपत्यांनी १९४२ साली वसाहत स्थापिली. क्लॅरन्स जॉर्डन हे शेतकी पदवीधर आणि ग्रीक बायबलचे विद्वान होते. 'कोइनोनिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ सहभाग, सहजीवन. मिळकत सामाईक, शस्त्र वर्ज्य आणि गोऱ्या-काळ्यांचे पान एकाच पंगतीत, अशी येथील रीत. वर्णभेद पाळणाऱ्या त्या मुलखाला यांतील तिसरी गोष्ट मुळीच सोसवली नाही. १९५० साली जवळच्या चर्चने या मंडळींना सभासदत्वावरून काढून टाकले. निमित्त झाला एक भारतीय विद्यार्थी! त्याला उपासनेस सोबत नेले होते आणि त्याच्या सावळ्या वर्णामुळे तो कृष्णवर्णीयच समजला गेला.

१९५६ पासून बहिष्कार कडक झाला. बियाणे, खत, इंधन देण्यास व्यापारी नकार देऊ लागले. विमा रद्द झाला. रस्त्याकाठचे विक्रीचे दुकान स्फोटाने उडविले गेले, रात्री घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पण वसाहतीने बंदूक उचलली नाही, गावही सोडले नाही. स्थानिक बाजार बंद झाला होता. टपाल खाते मात्र केंद्र सरकारचे, त्याला बहिष्कार घालता येईना. मग पेकन टपालाने देशभर जाऊ लागले. जाहिरातीत जॉर्डन यांनी मिस्कील श्लेष साधला. इंग्रजीत 'नट' म्हणजे कठीण कवचाचे फळ आणि वेडा माणूसही; जॉर्जियातील हे 'नट' बाहेर धाडण्यास साहाय्य करा, असे त्यांनी ग्राहकांना विनविले. संकटात सुचलेला तो व्यवसाय आजही वसाहतीचा आधार आहे.

सामाईक मिळकतीचा नियम मात्र अखंड टिकला नाही. १९९३ साली तो सोडून वसाहतीने सामान्य सेवासंस्थेचे रूप घेतले आणि काही वर्षांनी पुन्हा सहजीवनाची वाट धरली. हे पाऊल मागे घेणे सोपे नसावे. गरिबांसाठी घरे उभारणारी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही जगप्रसिद्ध संस्था १९७६ मध्ये निघाली, तिचे मूळ येथल्याच गृहबांधणीत होते.

जॉर्डन १९६९ साली वारले. साध्या लाकडी खोक्यात घालून त्यांना याच भूमीत पुरले. थडग्यावर नावाचा दगड नाही. नाताळ जवळ आला की खोकी भरण्याच्या खोलीत घाई उडते, आणि नुकताच आलेला स्वयंसेवकही तेथे पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवू लागतो.