खोलीत मागे राहणारे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतून सहलीची बोलणी सुरू होतात आणि त्या बोलण्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जैन भोजन मिळेल का, आणि तेही सूर्यास्तापूर्वी, हा पहिला प्रश्न. मग गरम पाणी, मंदिर किंवा स्थानक किती अंतरावर आहे, मोटार उभी करण्यास जागा आहे का, आणि सर्वांत शेवटी भाडे; खरी चर्चा होते ती यावरच. खोलीत टीव्ही आहे का, असे कोणी विचारल्याचे गेल्या कित्येक वर्षांत माझ्या कानावर आलेले नाही. तरीही खोलीचे दार उघडून सामान आत येते न येते तोच कोणाचा तरी हात रिमोटकडे जातो. जिची मागणी कोणी करीत नाही आणि वापर मात्र सर्वत्र होतो, अशी ही चमत्कारिक वस्तू आहे.

विषय क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु आमच्या परिचयातील एका तीर्थक्षेत्री नवे यात्री निवास बांधून होत आले आहे आणि त्याच्या खोल्यांत टीव्ही असावेत की नसावेत, यावरून विश्वस्त मंडळात दोन तट पडले आहेत. बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य म्हणून तेथील हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यामुळे दोन्ही तट आपापली बाजू घेऊन माझ्याकडे येतात.

लॉजिंग-बोर्डिंगसाठी कर्ज मागणाऱ्यांचे अर्ज मी नोकरीत बरेच तपासले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतरही बराच काळ साध्या लॉजमध्ये एकच संच असे आणि तो खाली, गल्ल्याजवळ. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा खोल्यांतले प्रवासी, स्वयंपाकी, रस्त्यावरचे रिक्षावाले, सारे त्या एका संचापुढे बसत. पुढे १९९१ नंतर केबल आली आणि संच एकेका खोलीत शिरला. महामार्गावरच्या पाट्यांवर ‘गरम पाणी’च्या शेजारी ‘कलर टीव्ही’ हे शब्द झळकू लागले. अर्जासोबतच्या अंदाजपत्रकात गाद्या, पंखे, आरसे यांच्याबरोबर संचांचीही एक ओळ येऊ लागली.

अशाच एका अर्जदाराला, तो आपल्याच समाजातला होता, मी एकदा विचारले होते की ही ओळ कमी केली तर कर्जाची रक्कम खाली येईल, मग ती का ठेवता? त्याचे उत्तर व्यापाऱ्याचे होते. टीव्ही आहे म्हणून गिऱ्हाईक आत येत नाही, पण तो बंद पडला की पाच मिनिटांत खाली येते, असे तो म्हणाला. उशीचेही तसेच आहे. उशी आहे म्हणून कोणी हॉटेल निवडत नाही. मी ती ओळ मंजूर केली आणि त्याचे हप्ते शेवटपर्यंत वेळेवर आले, ही गोष्ट वेगळी.

२०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आले आणि हा हिशेब बदलला. आता तरुण जोडपी आणि मुले आपापला पडदा खिशात घेऊन फिरतात. त्यांना हवे असते वाय-फाय आणि उशाशी मोबाइल लावण्याची जागा. भिंतीवरच्या संचाकडे ती पाहतही नाहीत. त्यांच्यापुरते बोलायचे तर सुट्टीवर गेलेल्यांना टीव्हीची पर्वा उरलेली नाही, असे म्हणता येईल. पण खोलीत तेवढीच माणसे राहत नाहीत.

आपल्या लोकांच्या प्रवासाचे एक वैशिष्ट्य हॉटेलवाल्यांच्या फारसे लक्षात येत नाही. इतर प्रवासी रात्री आठ-नऊला जेवायला बाहेर पडतात. त्यांची संध्याकाळ बाजारात जाते. आपल्यातली चौविहार पाळणारी कुटुंबे डिसेंबरात पावणेसहालाच पाने उचलून मोकळी होतात. प्रतिक्रमण आणि एखादे सामायिक झाले, सामायिकाची ४८ मिनिटे धरली, तरी घड्याळात आठ वाजत नाहीत. बाहेरच्या रस्त्यावर भजी आणि आइस्क्रीम यांच्या गाड्या लागलेल्या असतात. तिकडे मुलांना नेऊन ‘नको’ म्हणत राहणे कोणत्याही आईला नकोसे वाटते. म्हणजे झोपेपर्यंत दोन-अडीच तास, एक खोली आणि पाच माणसे. महाबळेश्वरला, माथेरानला, केरळात, सर्वत्र मी हे दृश्य पाहिले आहे. मोठी मुले मोबाइलमध्ये, सून उद्याचे सामान लावण्यात, मुलगा दुकानाच्या फोनवर आणि आजी-आजोबा टीव्हीपुढे. ‘पारस’ किंवा ‘जिनवाणी’ लागली तर प्रवचन, नाहीतर बातम्या.

दिवसाही तेच. सहलीला सारे घर निघते, पण ‘पॉइंट’ पाहायला सारे घर जात नाही. गुडघे धरलेली आई म्हणते, तुम्ही या जाऊन, मी पडते जरा. नातवाला ताप असेल तर त्याची आई थांबते. त्या खोलीत त्यांच्या सोबतीला काय असते? खिडकीतून बहुधा मागची पाण्याची टाकी दिसते. मोबाइलची अक्षरे आईला दिसत नाहीत, शेजारी बोलायला ओळखीचे कोणी नाही. रिमोट मात्र तिला येतो. लाल बटण कोणते आणि आवाजाचे कोणते, हे तिने घरी शिकलेले असते. माझ्या मते हॉटेलच्या टीव्हीचे खरे गिऱ्हाईक हेच आहे. खोली आरक्षित करताना त्याला कोणी विचारत नाही, पैसे ते भरत नाही आणि मुक्काम संपल्यावर त्याचे मतही कोणी घेत नाही. म्हणून मागणीच्या यादीत टीव्ही कधी येत नाही.

आता यात्री निवासाचे प्रकरण. विरोधी तटाचे म्हणणे असे की माणूस तीर्थावर येतो तो घरचे सारे मागे ठेवून. तेथे मालिका आणि जाहिराती खोलीत आणून देणे म्हणजे संस्थेने आपल्या हाताने अनर्थदंडाची सोय करणे होय. हा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो हलका मानत नाही. शिखरजीला मधुबनात उतरलेला यात्रिक रात्री दोन-तीनला उठून २७ किलोमीटरची वंदना करायला निघतो. तो आठ वाजताच झोपलेला बरा. पालिताण्याला चढून उतरलेल्या आणि तळेटीला भाता घेऊन परतलेल्या माणसाला पलंगाखेरीज काही दिसत नाही. शेजारच्या खोलीतून मालिकेतले रडणे ऐकू येऊ लागले तर त्याने काय करावे?

त्याच तटातील एका विश्वस्तांनी विजेच्या बचतीचाही मुद्दा काढला. तो मात्र टिकत नाही. ३२ इंची एलईडी संचाला साधारण ४०-५० वॅट लागतात, तर स्नानगृहातल्या गिझरला २,००० वॅट. विजेचीच काळजी असेल तर आधी गिझरकडे पाहावे लागेल, आणि ते सुचवण्याचे धैर्य कोणी केले नाही. खर्चाचा खरा भाग पुढे येतो: वाहिन्यांचे शुल्क, दुरुस्ती, हरवलेले रिमोट आणि रात्री दहानंतर आवाज कमी करायला सांगणारा माणूस. देणगी संचाची मिळते. या गोष्टींची कोणी देत नाही.

आणि देणगीदार आहेत. धान्याच्या आडतीचा जुना व्यवसाय असलेल्या एका गृहस्थांनी सर्व खोल्यांतले संच आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ देण्याचे कळवले आहे. मंडळाच्या वतीने त्यांना भेटून ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवावी, असे मला सांगण्यात आले. आसने, ग्रंथ, पिण्याच्या पाण्याची सोय, अशी यादी घेऊन मी गेलो. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “साहेब, आई तीन वेळा शिखरजीला गेली. दोनदा चढली. तिसऱ्या वेळी आम्ही सगळे पहाटे निघालो आणि ती खालीच राहिली. डोली घेऊ म्हटले तर नको म्हणाली, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जायचे नाही. आम्ही दुपारी चारला उतरलो तेव्हा ती खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. झोपली होती का, विचारले, तर म्हणाली, नाही रे, वेळ मोजत होते.”

त्यानंतर मी यादी पुढे केली नाही. त्यांची इच्छा भिंतीवर लावायच्या एका यंत्रापुरती नव्हती, हे मला कळत होते. तथापि टीव्हीने त्या माऊलीचे ते तास सुखाचे झाले असते का, याविषयी मी साशंक आहे. कदाचित तिला वर चाललेला अभिषेक पाहायला आवडला असता. कदाचित चार समवयस्क बायकांत बसून स्तवन म्हणायला आवडले असते. ते आता विचारता येत नाही.

मंडळापुढे मी एक टिपण ठेवले आहे. तळमजल्यावरच्या आठ खोल्या जिने न चढणाऱ्या वृद्धांसाठी राखीव आहेत. त्या आठांत संच बसवावेत आणि मंदिरातल्या पूजा-अभिषेकाचे चित्रण तेथे दिसेल अशी तार ओढावी. इतर वाहिन्या आठही खोल्यांत मोजक्या असाव्यात, आणि त्या कोणत्या ते मंडळाने ठरवावे. वरच्या दोन मजल्यांवर संच नकोत. उरलेल्या रकमेतून तळमजल्याच्या ओसरीवर बाकडी, पंखा आणि सावली करावी, म्हणजे पहाटे मागे राहिलेली माणसे एकमेकांना दिसतील. ओसरीवर मातोश्रींचे नाव असावे.

विरोधी तटाला आठ संचही जास्त वाटतात. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की वरच्या मजल्यावरचे यात्रिक तेच भाडे भरून तक्रार करतील. तर करोत, त्यांच्या खिशात मोबाइल आहे. देणगीदारांनी टिपण वाचले आणि एवढेच विचारले की ओसरीतून डोंगर दिसतो का. आराखड्यात तिचे तोंड वाहनतळाकडे आहे. पर्युषणानंतरच्या सभेपूर्वी ती पूर्वेच्या बाजूला घेता येईल का, आणि त्याला किती खर्च येईल, हे विचारण्यासाठी मी वास्तुविशारदांना पत्र पाठवले आहे.